लाईनीखालची मोरी

पोळा झाला, गणपती गेले, पितरं जेवून गेली, तरी पाऊस कवठवाडीवरून हटायला तयार नव्हता. पडत होता तोही धो धो नाही. धो धो पडला असता तर चार शिव्या घालून माणूस मोकळा झाला असता. हा नुसता पाझरत होता, दुखऱ्या कानासारखा. काळ्या रानात पाय टाकला की पोटरीपर्यंत आत जायचा, आणि ओढून काढला की चप्पल आतच राहायची. अशा दिवसांत माणसं घरात बसतात, गुरं गोठ्यात बसतात. मेंढरांनी कुठं बसायचं हे मात्र कोणी ठरवून ठेवलेलं नाही.

सोनाजीनं आपली मेंढरं लाईनीवर चढवली होती.

लाईन म्हणजे रेल्वेची लाईन. सोयगावच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्यानं एक छोटी गाडी पूर्वी कापसाच्या गाठी आणि माणसं घेऊन जायची. ती बंद पडली त्याला दोन पिढ्या होत आल्या. रूळ सरकारनं उचलले, लाकडी स्लीपर गावानं हातोहात उचलले. कोणाच्या गोठ्याला आढं लागलं, कोणाच्या दाराला उंबरा. मागं उरला तो मुरमाचा भराव. पुरुषभर उंच, वर बैलगाडी चालेल एवढा रुंद. गाव अजून त्याला लाईनच म्हणतं, आणि हल्लीच्या पोरांना वाटतं की लाईन हे त्या उंचवट्याचंच नाव आहे.

मुरमावर पाणी ठरत नाही. सगळं शिवार चिखलात असताना लाईनीची पाठ तेवढी कोरडी राहायची, आणि सोनाजीच्या घरची मेंढरं दर पावसाळ्यात तिच्या जिवावर तगायची. यंदा तर तीही पुरेना. सोनाजीनं एक मेंढी उलटी करून गुडघ्यांत दाबली होती आणि तिच्या खुराच्या बेचक्यातलं सडकं कातडं तो चाकूनं खरवडत होता. बायको शालू मोरचुदाचं निळं पाणी घमेल्यात घेऊन शेजारी उकिडवी बसली होती. तिचे हात कोपरापर्यंत निळे झाले होते. सडक्या खुराचा वास असा असतो की भाकरीचा घासही तोंडाशी नेववत नाही. पण वासाला कंटाळून कोणाचं पोट भरलंय?

खालून सांडू आला. डोक्यावर खताच्या पिशवीची खोळ, हातात काठी. लाईनीच्या वरच्या अंगाचं वावर त्याचं, खालच्या अंगाचंही बरंचसं त्याचंच. वरच्या वावरात कपाशी गुडघाभर पाण्यात उभी होती. बोंडं धरली होती आणि तळातून पानं लाल पडत चालली होती.

"सोनाजी, मेंढरं हलवायचं बघ," तो म्हणाला. "जेसीबी सांगितलाय. जरा उघडीप झाली की येतंय."

सोनाजीनं चाकू थांबवला. "कशापायी?"

"कशापायी म्हंजी? पाणी बघ की माझ्या वावरात. ह्या रेल्वेनं बांध घालून ठेवलाय माझ्या उरावर. माझ्या बापाच्या टायमापासून तुंबतंय. त्या निंबापासून पार ओढ्यापर्यंत सगळं सपाट करून टाकतो. वरचं-खालचं वावर एक व्हतंय."

"मग मेंढरं कुठं बसवू, सांडूभाऊ?"

"ते मी कसं सांगू? पण तुझ्या घराला धक्का लागायचा नाय. पाणी निंबाकडून काढतो, तुझ्या दाराकडून नाय. एवढं तुझ्यासाठी बघितलंय मी."

सांडू खरंच तसा वाईट माणूस नव्हता. घराला धक्का लागणार नाही हे त्यानं मनापासून सांगितलं होतं, आणि आपण भलं केलं या समाधानातच तो चिखल तुडवत गेला. मेंढी तेवढ्यात सोनाजीच्या गुडघ्यांतून निसटली आणि तीन पायांवर लंगडत कळपात शिरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोनाजी सांडूच्या घरी गेला. हात जोडून बोलायचं असं मनात घोकून गेला होता. सांडू म्हणाला, "बरं झालं आलास. आधी तेवढी मोटार बाहेर काढू, मंग बोलू."

वरच्या वावराच्या सखल कोपऱ्यातली पंपाची मोटार पाण्याखाली गेली होती. सोनाजी छातीभर पाण्यात उतरला. पायानं चाचपत मोटार शोधली, बुडी मारून नटबोल्ट ढिले केले, दोर बांधला, आणि सांडूनं काठावरून ओढली. मग ती मोटार खांद्यावर घेऊन तो घरापर्यंत आला. खांद्याचं कातडं सोललं. सांडूच्या दाराला लाईनीच्या स्लीपरचाच उंबरा होता, जुनं काळं सागवान. सोनाजीनं त्यावर पाय ठेवला तशी आतून सांडूची बायको आवडाबाई म्हणाली, "भाऊ, तिथंच ऱ्हावा. फरशी आत्ताच पुसलीय."

सोनाजी तिथंच राहिला. अंगातून पाणी गळत होतं. आवडाबाईला बोलून गेल्यावर वाईट वाटलं असावं, कारण चहा तिनं स्वतः बाहेर आणून दिला आणि कप मोठा दिला.

सांडू मुलाशी फोनवर बोलत होता. मुलगा सुदर्शन, संभाजीनगरला नोकरीला. फोनचा आवाज सांडू नेहमी मोठा ठेवायचा, कारण त्याला कमी ऐकू यायचं.

"बाबा, एकदाचं लेव्हल करून टाका," फोन म्हणाला. "आणि त्या धनगराचं काय ऐकत बसता? त्याला काय, आज इथं, उद्या तिथं."

सांडूनं घाईघाईनं फोन कानाला दाबला, पण बोलायचं ते बोलून झालं होतं. सोनाजी कपात बघत राहिला. या घराच्या वावरात त्याच्या बापानं, त्यानं, वर्षानुवर्षं मेंढरं बसवली होती. दिवाळीनंतर रिकाम्या रानात वाघर, म्हणजे जाळ्याचं कुंपण, लावायची, मेंढरांनी लेंड्या-मुतानं जमीन भरायची, आणि बदल्यात ज्वारी घ्यायची. आज इथं उद्या तिथं असलं तरी दिवाळीनंतरचा मुक्काम दरसाल याच वावरात असायचा. आता पिशवीतलं खत आलं आणि वाघर घरात पडून राहिली.

"सांडूभाऊ, दिवाळीपर्यंत तरी थांबा," तो म्हणाला.

"दिवाळीपर्यंत कपाशी थांबंल का?" सांडू म्हणाला. सोनाजीनं रिकामा कप उंबऱ्याच्या कडेला ठेवला. सांडूचंही नुकसान होतंय हे त्याला दिसत होतं, आणि खरी पंचाईत तीच होती. समोरचा नुसता दुष्ट असता तर भांडायला सोपं गेलं असतं.

घरी आला तेव्हा दुपार झाली होती. घर लाईनीच्या खालच्या अंगाला, भरावाला पाठ लावून उभं होतं. मातीच्या भिंती, वर पत्रे, पुढं ओटा. हे घर होण्याआधी कित्येक वर्षं शालू मेंढरांमागं फिरत पालात राहिली होती. या घराला सोयगावच्या बाजारातून आणलेलं लाकडी दार बसवलं त्या दिवशी तिनं ते उगाचच पाच-सहा वेळा लावून-उघडून पाहिलं होतं. जागा होती वाळूची. मेंढरांच्या खुराला वाळू चांगली, म्हणून सोनाजीच्या बापानंच ती हेरून ठेवली होती. पेरायला निकामी, म्हणून कोणी हरकतही घेतली नव्हती.

चूल धुमसत होती. लाकडं ओली. सोनाजीची आई बानाबाई फुंकणीनं फुंकून फुंकून रडकुंडीला आली होती आणि शालू भाकरी थापत होती. सोनाजीनं सगळं सांगितलं, फोनचं सोडून.

"सांडूच्या बापाच्या टायमापासून?" बानाबाईनं फुंकणी खाली ठेवली. "कडुबाच्या? रेल्वेनं पाणी तुंबवलं म्हणतो?"

"सांडूभाऊ म्हणतो तसं."

"गाडी व्हती तवा थेंब तुंबत नव्हता. मी काय आंधळी व्हते?"

गाडीचा विषय निघाला की म्हातारीचं वय उतरायचं. घरातल्यांनी ते ऐकून ऐकून पाठ केलं होतं, तरी शालूनं मुद्दाम काडी टाकली. "आत्या, तुमची मेंढी गाडीत बसली व्हती ना?"

"बसली म्हंजी! बापानं आंदण दिलं, मेंढी आन् तिचं कोकरू. गार्ड म्हणतो, डब्यात जनावर नाय. माझा बाप म्हणतो, मंग पोरगी बी नाय. लग्नाचं वऱ्हाड तिथंच उभं. शेवटी गफूरमिया डायव्हरनं मेंढी इंजिनात घेतली, कोळशाच्या ढिगावर. चढली तवा पांढरी व्हती, इथं उतरली तवा काळी. सासू म्हणाली, व्याह्यांनी फसवलं की!"

शालू हसली. सोनाजीलाही हसू आवरलं नाही.

"आन् पुढं रोज मी मेंढरं घेऊन लाईन वलांडायची. गफूरमिया लांबून शिट्टी मारायचा, पर थांबायचा. म्हणायचा, आराम से माई, सरकार की गाडी है, भाग नहीं जाती. शेवटचं कोकरू खाली उतरल्याबिगर त्यानं कधी गाडी हलवली नाय. आमी त्याला शेळीचं दूध द्यायचो." बानाबाईनं डोळे पुसले, धुरानं की कशानं कोण जाणे. "उन्हाळ्यात लाईनीवरून नाय, खालून जायचो. मोरीतून. वाकून जावं लागायचं, पर..."

तिची नजर मागच्या भिंतीकडं गेली.

"मोरी?" सोनाजी म्हणाला. "लाईनीखाली मोरी हाय? कुठं?"

बानाबाईनं फुंकणी पुन्हा हातात घेतली आणि फुंकायचं सोडून ती नुसती हातात फिरवत बसली.

"माय, मोरी सापडली तर पाणी तिच्यातून जाईल. सांडूभाऊला लाईन तोडायचं कारणच नाय उरत. बोल की."

"भाकरी खा आधी," म्हातारी म्हणाली.

भाकरी झाल्या, भांडी झाली, तरी ती बोलेना. शेवटी शालूच तिच्याजवळ जाऊन बसली आणि तिचे पाय दाबायला लागली. पाय दाबले की म्हातारी बोलते हे तिला ठाऊक होतं.

"गाडी बंद पडली," बानाबाई हळूच म्हणाली, "आन् सगळीकडं सामसूम झाली. आवाज व्हता तवर जनावर लाईनीजवळ फिरकत नव्हतं. मंग लांडगीण आली आन् मोरीत व्याली. आमची कोकरं न्यायला लागली. कडुबाचं वासरू बी नेलं. मंग सोनाजीच्या बापानं आन् कडुबानं मिळून मोरीचं खालचं तोंड बुजवलं. कडुबानं सोता गाडीभर दगड आणले. सोता! आन् आज त्याचा पोरगा म्हणतो, रेल्वेनं पाणी तुंबवलं."

"आत पिल्लं व्हती का, आत्या?" शालूनं विचारलं.

"कोणी बघितलं? पर ती लांडगीण लई दिवस लाईनीवर उभी ऱ्हायची, दिवस बुडायला लागला की. सोनाजी माझ्या अंगावर पीत व्हता तवा." बानाबाईनं मान फिरवली. "तिचं रडणं ऐकून माझं दूध आटलं व्हतं."

पत्र्यावर पाऊस वाजत होता.

"मोरी कुठं हाय ते सांग," सोनाजी म्हणाला.

म्हातारीनं मागच्या भिंतीकडं बोट केलं. उतरंड होती तिथं. "ह्या भिंतीमागं."

सोनाजीला कळायला वेळ लागला नाही. वाळू शेतात कशी आली, हे त्यानं आजवर कधी स्वतःला विचारलंच नव्हतं. ही एका जुन्या ओढ्याची जागा होती. मोरी बुजली, ओढा मेला, वाळू कोरडी पडली, आणि खुराला चांगली जमीन म्हणून धनगरानं तिथं मेंढरांचा वाडा केला. कुणब्यानं अशा जागेवर पाऊलही टाकलं नसतं. मोरी उघडली की पाणी जुन्या वाटेनं जाणार, आणि जुनी वाट घराच्या मधोमध होती.

"म्हणून गप बसलीस व्हय?" त्याचा आवाज चढला. "मंग आत्ता तरी कशाला बोललीस?"

"तूच बोल बोल म्हणालास."

"लाईन ठेवली तर घर जातंय, घर ठेवलं तर लाईन जातीय. झालं का तुझं समाधान?"

म्हातारीला रागावण्यात अर्थ नव्हता आणि ते सोनाजीलाही कळत होतं, पण माणूस चिडतो तेव्हा जवळच्यालाच लागतं. तो घोंगडी घेऊन लाईनीवर जाऊन बसला. तिथं एक मेंढी मरून पडली होती. तिचं कोकरू तिच्या थंड सडाला तोंड लावून ढुशा देत होतं. सोनाजीनं ते उचलून घोंगडीत घेतलं आणि त्याला रडू आलं. पाऊस होता ते बरं झालं.

संध्याकाळी शालू वर आली. मेलेल्या मेंढीकडं पाहिलं, नवऱ्याकडं पाहिलं.

"मेंढरं नसली तर घरात बसून काय खायचं?" ती म्हणाली. "उद्या दार काढून घेऊ. दार तेवढं मला पायजे."

सकाळी तिघंही सांडूकडं गेली. बानाबाईनं उंबऱ्याबाहेरूनच मोरीचं सांगितलं, लांडगिणीचं सांगितलं, कडुबाच्या गाडीभर दगडांचं सांगितलं. सांडूला पटलं नाही.

"माझ्या बापानं? आपल्याच वावरात पाणी तुंबवायला दगड आणले? मावशी, वय झालं तुमचं."

"तवा कुठं ठावं व्हतं पाणी तुंबंल म्हणून? तवा लांडगा दिसत व्हता."

"आन् मोरी निघाली नाय तर?"

"नाय निघाली तर तू हायेस आन् तुझं मशीन हाय. पर निघाली, पाणी गेलं, तर लाईनीला हात लावायचा नाय. शब्द दे."

सांडूनं दाढी खाजवली. "पाणी गेलं तर मला लाईनीशी काय घेणं? दिला."

"तुमचं घर?" आतून आवडाबाईनं विचारलं. तिनं फडकं खाली टाकलं आणि ती दाराशी येऊन उभी राहिली.

घर रिकामं करायला अर्धा दिवसही लागला नाही. गरिबाचं घर भरायला वर्षं लागतात, उचलायला वेळ लागत नाही. पत्र्याची पेटी, उतरंड, जातं, ज्वारीची कोठी, देवाचा टाक, कोंबड्यांचं खुराडं, सगळं लाईनीवर गेलं. पत्रे निघाले. शालूनं दाराच्या बिजागऱ्या स्वतः सोडवल्या आणि दार डोक्यावर घेऊन भराव चढली. मग सोनाजीनं मागच्या भिंतीवर पहार घातली. ओली माती, एका दणक्यात खचली. शालूनं कालच तिथं शेणानं सारवलं होतं. बोटांच्या रेघा ढेकळांवर तशाच होत्या.

भिंतीमागं बाभळीच्या मुळ्या, त्यामागं खडी, त्यामागं दगड. सोनाजी पहारीनं हलवायचा, शालू ओढून बाजूला करायची, बानाबाई घमेल्यानं गाळ टाकायची. तिला नको म्हटलं तरी ऐकेना. दुपारपर्यंत तिघांच्या हातांची सालं गेली. दगड सरकता सरकत नव्हते. ज्यांनी बसवले त्यांनी जीव ओतून बसवले होते. मधे सांडू येऊन लाईनीवर उभा राहिला, बघून गेला, पुन्हा आला.

मग एक घडीव दगड दिसला. त्याच्या बाजूला दुसरा, वर कमान. कडा अजून कोऱ्या, आज बसवल्यासारख्या.

"व्हती!" बानाबाई ओरडली. "म्हणाले नव्हते?"

सांडू खाली वाकून पाहायला लागला. बाजूला काढलेल्या दगडांत त्याला आपल्या विहिरीचे काळे दगड ओळखू आले असावेत, कारण त्यानं एक उचलला, उलटासुलटा केला आणि काही न बोलता ठेवून दिला. मग धोतर वर खोचून तोही खाली उतरला आणि एक मोठा दगड त्यानं सोनाजीबरोबर ओढला.

आत गाळ घट्ट बसला होता. सोनाजी कमानीत वाकून पहार मारत राहिला. आधी गाळ घामेजला. मग बोटाएवढी धार आली, तांबडी. मग आतून घुसमटल्यासारखा आवाज आला.

"सोना, भायेर ये!" बानाबाई किंचाळली.

तो बाजूला पडला आणि पाणी सुटलं. गाळ, फांद्या, कुजकी पानं, सगळं एकदम. घराच्या उरलेल्या भिंती उभ्या होत्या त्या एकेक करून बसल्या. चूल विरघळली. ओटा काही वेळ टिकला, मग मधून दुभंगला. शालू लाईनीवर दाराला धरून उभी होती. तिनं डोळे मिटले नाहीत, तोंडाला पदरही लावला नाही. आपलं घर जाताना तिनं ते शेवटपर्यंत बघितलं.

बानाबाई मात्र त्या तांबड्या पाण्यात कितीतरी वेळ काहीतरी शोधत होती. काय शोधतेस, असं तिला कोणी विचारलं नाही. पाण्यात गाळाशिवाय काही आलं नाही, एक हाडूकही नाही.

पुढच्या दोन दिवसांत सांडूचं वावर उघडं पडलं. पाऊसही थांबला आणि ऊन निघालं, असं कडक की नको वाटावं. ऊन पाहून सोनाजीला हायसं वाटलं. पण कपाशी वेगळ्याच मार्गाला लागली होती. पाण्यात इतके दिवस गुदमरलेली मुळं उन्हाला टिकेनात. सकाळी हिरवी दिसणारी झाडं दुपारी माना टाकून उभी होती, बोंडांसकट. सांडू सरीसरीनं फिरत होता आणि एकेक झाड उपटून मूळ बघत होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी निंबाकडून घरघर ऐकू आली. जेसीबी होता. पिवळं धूड निंबाजवळच्या चढावरून लाईनीवर आलं. मागं सांडू.

सोनाजी धावत आडवा गेला. "सांडूभाऊ, शब्द दिला व्हता तुमी!"

"पाणी गेलं तर म्हणालो व्हतो. कपाशी बी गेली!" सांडूचे डोळे लाल होते. "आज मोरी उघडी हाय, उद्या पुन्हा बुजंल, मंग मी पुन्हा बुडायचं. नको मला ती लाईन. एकदाची जाऊ दे."

"आमी घर सोडलं त्याच्यासाठी!"

"मी सोड म्हणालो व्हतो का?"

हे खरं होतं. म्हणूनच सोनाजीच्या अंगाची लाही झाली.

जेसीबी पुढं सरकला. लाईनीवर मेंढरं आडवीतिडवी बसली होती, दुखऱ्या खुरांची, उठायला नाखूश. त्यांच्या पलीकडं पेटी, कोठी, खुराडं, आणि दोन काठ्यांना टेकवलेलं दार. डायव्हरनं हॉर्न वाजवला. मेंढरं हलली नाहीत. त्यानं पुन्हा वाजवला, लांब.

बानाबाई दाराच्या सावलीत बसली होती, ती उठली. सोनाजीला वाटलं आता ही मशीनसमोर आडवी पडणार. पण तिनं टाळूला जीभ लावून आवाज काढला आणि मेंढरं उठवायला लागली. घाईघाईनं, पदर सावरत. लाईनीवर शिट्टी झाली की मेंढरं खाली उतरवायची, हे तिच्या हातापायांत इतकं मुरलेलं होतं की डोकं मधे आलंच नाही.

"माय, काय करतीस!" सोनाजी ओरडला.

तिनं ऐकलं नाही. मेंढरं लंगडत कडेला सरकली. मेलेल्या मेंढीचं कोकरू मागं राहिलं होतं. बानाबाईनं ते उचललं, छातीशी धरलं, आणि भरावाच्या खालच्या काठाशी आली. तिथं तिचं घर होतं. आता पाणी वाहत होतं. ती फिरली, वरच्या काठाशी आली. तिथं मेलेली कपाशी आणि पोटरीपर्यंत रुतणारा गाळ. ती पुन्हा खालच्या काठाशी आली. पुन्हा वरच्या. मेंढरं तिच्या मागं मागं, या काठाहून त्या काठाला.

मग ती थांबली. आपण काय करत होतो हे तेव्हा तिच्या ध्यानात आलं. तिचा चेहरा कसनुसा झाला, आणि तिनं सांडूकडं पाहिलं.

"सांडू," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "उतरवते बाबा. कुठं उतरवू तेवढं सांग. तू म्हणशील तिथं उतरवते."

सांडूनं खालच्या अंगाला पाहिलं. ओट्याचा एक कोपरा अजून पाण्यात दिसत होता. त्यानं वरच्या अंगाला पाहिलं. मग पायांकडं पाहिलं.

"सांग की, बाबा."

इंजिन घरघरत होतं. डायव्हर एकदा सांडूकडं, एकदा म्हातारीकडं बघत होता. सांडूच्या मागून आवडाबाई चढावरून आली होती, दम लागलेली, अनवाणी.

"सांगा की त्यांना," ती नवऱ्याला म्हणाली. "विचारतायत त्या."

डायव्हरनं आपणहून किल्ली फिरवली आणि मशीन बंद केलं.

एकदम शांत झालं. खाली मोरीतून पाणी जात होतं त्याचा आवाज वर ऐकू यायला लागला.

"वापसा आल्यावर बघू," सांडू शेवटी म्हणाला, कोणाकडंही न बघता. म्हणजे नाही असं नव्हे. रान वाळेपर्यंत नाही, एवढंच. तो चढ उतरून गेला. आवडाबाई जराशी रेंगाळली, दारावरून हात फिरवला, आणि तीही गेली. लाईनीवर मशीन वळवायला जागा नव्हती. ते आलं तसंच उलटं, हळूहळू, निंबापर्यंत मागं मागं गेलं.

बानाबाई काठावर तशीच उभी होती. कोकरू तिच्या छातीशी, डोळे मशीन गेलं त्या वाटेकडं.

"आत्या," शालू जवळ जाऊन म्हणाली, "गाडी गेली. ठेवा आता त्याला खाली."

म्हातारीनं आजूबाजूला पाहिलं. मग वाकून, जिथून उचललं होतं तिथंच, लाईनीवर, तिनं कोकराला ठेवलं.